हिंगोलीला कोणतं पुस्तक पाठवाल?

मराठवाड्यातल्या वाचकाला पुस्तक सुचवायची वेळ आली की पुण्या-मुंबईच्या माणसाचा हात हमखास एकाच कप्प्याकडे जातो. दुष्काळ, ऊसतोड, सावकारी, कोरडी विहीर. ‘तुमच्या मातीतलं आहे, आवडेल तुम्हाला.’ हेतू चांगलाच असतो. पण हिंगोलीतल्या सेनगावच्या माणसाला कोरडी विहीर पुस्तकातच भेटते, असा समज कुठून झाला कोण जाणे. ही पुस्तकं वाईट नाहीत, काही तर फार मोठी आहेत. फक्त ती जिथे जायला हवीत तिथे जात नाहीत. उसाच्या फडाची गोष्ट कोथरूडला वाचली जावी आणि हिंगोलीला दुसरंच काही यावं, असं मला वाटतं.

या जिल्ह्याने शिफारस करणारा एक फार मोठा माणूस दिला. नरहर कुरुंदकर १९३२ साली नांदापूरला, आजोळी जन्मले. त्यांचं मूळ गाव कुरुंदा. दोन्ही गावं आज हिंगोली जिल्ह्यात आहेत. मामा ना. गो. नांदापूरकर हैदराबादेत मराठीचे प्राध्यापक, त्यामुळे पुस्तकांचा संग लहानपणीच जडला. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवताना हा माणूस मनुस्मृतीवर, भरताच्या नाट्यशास्त्रावर, गांधींवर, मराठी कादंबरीवर लिहीत राहिला आणि १९८२ मध्ये, पन्नाशीही न गाठता गेला. ‘तू खेड्यातला, तू ग्रामीण वाच’ असं त्यांना कोणी सांगितलं असेल तर त्यांनी ते ऐकलं नाही, हे आपलं भाग्य.

रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची त्यांची प्रस्तावना अजूनही लोक आवर्जून वाचतात. ती म्हणजे कादंबरीकाराला लिहिलेलं दीर्घ पत्रच आहे. शिवाजी महाराजांचं मोठेपण नेमकं कशात शोधायचं, दंतकथा आणि पुरावा यांची सांगड कशी घालायची, असे प्रश्न तिथे उभे राहतात. प्रस्तावना संपवून कादंबरीकडे वळलेला वाचक ते प्रश्न सोबत घेऊनच आत शिरतो, आणि कादंबरी त्यांना पुरी पडते की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. शिफारस करावी तर अशी. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘एका बैठकीत संपवलं’ एवढ्यावर भागवणाऱ्यांनी ती प्रस्तावना एकदा उघडून पाहावी.

आता कोणी म्हणेल, मग आपल्या बोलीतल्या पुस्तकांचं मोल काहीच नाही का? आहे, खूप आहे. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याच्या इंद्रजित भालेरावांचं ‘पीकपाणी’ १९८९ मध्ये आलं, तेव्हा इथल्या पोरांना पहिल्यांदा कळलं की घरी बोलतो ते शब्द कवितेतही चालतात. वाचक घडायला अशी एक ओळख लागतेच. माझी तक्रार तिथेच थांबण्याविषयी आहे. एकदा ओळख पटली की माणसाला दूरचं पाहायचं असतं.

म्हणून कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (साहित्य अकादमी, २०२३) मी शहरात पाठवीन. धरणाने उठवलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या जनावरांची ही कादंबरी. हिंगोली परिसरातल्या इसापूर आणि सिद्धेश्वर धरणांच्या आसपास राहणाऱ्यांना उठवलेलं गाव काय असतं हे समजावून सांगावं लागत नाही. ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी येतं त्यांना लागतं. तुळजापूरच्या देवीदास सौदागर यांची ‘उसवण’ (अकादमीचा युवा पुरस्कार, २०२४) तशीच. रेडिमेड कपड्यांनी शिंप्याचा धंदा कसा बसला, हे त्यात आहे, आणि लिहिणाऱ्याने स्वतः मशीन चालवलेलं आहे. सणाला मॉलमधून पिशव्या भरून आणणाऱ्या घरात ती जावी.

आणि हिंगोलीला? औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल टिपण्याची तयारी. केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. त्याच जिल्ह्यात वसमतकडच्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने आजूबाजूचे जिल्हेही हलले. आकाशातली थरथर मोजायला आलेलं यंत्र आणि पायाखालची थरथर, दोन्ही एकाच जिल्ह्यात. अशा ठिकाणच्या अकरावीतल्या मुलीच्या हाती मी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’ ठेवीन. लायगो-इंडियाच्या कामात आघाडीवर असलेल्या संस्थांपैकी ‘आयुका’ त्यांनीच उभी केली. पुस्तक नवं नाही, हे मान्य. पण तिच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही.

तिच्या थोरल्या भावाला, जो दिवसभर मोबाइलवर हळदीचे भाव बघतो, नंदा खरे यांची ‘उद्या’. आपली सगळी माहिती गोळा करणारी सत्ता माणसाचं काय करते, याची ही भविष्यकथा सोपी नाही. पहिली पन्नास पानं दमवतील, हे आधीच सांगून ठेवतो. या कादंबरीचा अकादमी पुरस्कार खऱ्यांनी नम्रपणे नाकारला. धाकट्यासाठी भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’; त्याला भाषण नको, भुताची गोष्ट द्या. शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांना सुधीर रसाळांचं ‘विंदांचे गद्यरूप’. रसाळ सरांना नव्वदी ओलांडल्यावर त्यासाठी अकादमी पुरस्कार मिळाला. समीक्षेचं पुस्तक खेड्यात कोण वाचतं, असं विचारणाऱ्यांना कुरुंदकरांचा पत्ता द्यावा.

यातलं किती प्रत्यक्षात पोचेल, याचा भरवसा नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावी अनुदानाची वाचनालयं झाली, पण अनेक ठिकाणी मार्च आला की खरेदीची घाई होते आणि ज्यावर कमिशन जास्त तो गठ्ठा आधी येतो. कपाट भरतं, वाचक मात्र त्या कपाटाशी जात नाही. ग्रंथपालाला वाचकाचं नाव, इयत्ता, धंदा आणि गेल्या वेळी अर्ध्यावर परत केलेलं पुस्तक ठाऊक असेल, तर त्याची दहा पुस्तकांची यादी सरकारी यादीपेक्षा बरी. त्या दहांत निदान सहा तरी मराठवाड्याबद्दल नसावीत.