पाय कोणासाठीं?

रणांत पाय तुटलेल्या विश्पलेस अश्विनीकुमारांनीं लोखंडी जंघा बसवून दिली, अशी कथा ऋग्वेदांत आहे. ती जंघा दिसण्यांत कशी होती, याची चौकशी तेथें कोणी केलेली नाहीं. विश्पला पुन्हां चालूं लागावी, एवढाच हेतु. आज मात्र ही चौकशी आधीं होते, व तिजवर एखाद्या लहान मुलाचें सारें आयुष्य अवलंबून राहतें.

हाडाचा कर्करोग बहुधा वाढत्या वयांत व गुडघ्याच्या आसपास होतो. पूर्वीं पाय कापणें हाच उपाय असे. आणि तो करूनहि रोग फुप्फुसांत उतरून दहांपैकीं सुमारें आठ मुलें दगावत. १९७० नंतर प्रभावी औषधें आलीं. रोग इतरत्र पसरलेला नसेल तर आज सुमारें दोनतृतीयांश मुलें वांचतात. शिवाय, गांठ पूर्णपणें निघत असल्यास रोगट हाड तेवढें काढून पाय राखतां येतो, व त्यामुळें जीवास अधिक धोका होत नाहीं. परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचा विस्तार आतां नव्या मुंबईंत खारघरपर्यंत झाला आहे. अशा ठिकाणीं दूरदूरचे आईबाप येतात, आणि त्यांच्यापुढें निवड उभी राहते.

धातूचा सांधा बसविला तर पाय अखंड दिसतो. परंतु धांवणें-उड्या मारणें वर्ज्य होतें, सांधा झिजतो, पू होण्याची भीति राहते, आणि मूल वाढेल तसा तो लांबवावा लागतो. दुसऱ्या एका शस्त्रक्रियेंत गुडघ्यासकट रोगट भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून मांडीस जोडतात. टांच पुढें येते, घोटा गुडघ्याचें काम करतो, व त्याखालीं कृत्रिम पाय बसतो. असें मूल धांवूं शकतें, सायकल चालवूं शकतें. पण तें उलटें पाऊल पाहवत नाहीं म्हणून पुष्कळ आईबाप नकार देतात.

त्यांस दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. लोकांची नजर खरीच बोंचते. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी त्याच क्षणीं मनांत येते. परंतु नजरेंतील दोषाची दुरुस्ती मुलाच्या शरीरावर कां व्हावी? पाय वापरणार तें मूल. आपण केवळ पाहणारे.

मुलास काय कळतें, असा आक्षेप येईल. दहा वर्षांच्या मुलास रोगाचें गांभीर्य पुरतें उमगणार नाहीं, हें खरें. पण आपणांस धांवावेंसें वाटतें कीं चारचौघांसारखें दिसावेंसें वाटतें, हें तें निश्चित सांगूं शकतें. त्यानें अखंड दिसणें पसंत केलें, तर तेंहि मान्य करावें. शस्त्रक्रिया कोणती शक्य आहे हें वैद्यांनीं सांगावें, व अखेरची संमति आईबापांनीं द्यावी. मात्र तत्पूर्वीं दोन्ही पायांचें खरें वर्णन मुलासमोर ठेवून त्याचें मत विचारावें. तें न विचारतां दिलेली संमति आमच्या मतें अपुरी होय.