घोंगडें आणि दया

मनुष्याच्या पुष्कळ सत्कृत्यांचा उगम दयेंत आहे, हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु देण्याघेण्याच्या व्यवहाराचा दया हा योग्य पाया आहे कीं काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. विणकरांना हात दिला पाहिजे, असें आपण सर्वच म्हणतों. तो हात कोणत्या नात्यानें द्यावयाचा, हें कोल्हापूर भागांतील घोंगड्याच्या उदाहरणावरून पाहूं.

घोंगडें ही एकट्या विणकराची कृति नव्हे. धनगर दख्खनी मेंढरें राखतो व त्यांची लोकर कातरतो. त्याच्या घरच्या बायका तिचें सूत काततात. सणगर त्या सुताच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन हातमागावर घोंगडें विणतो. ही लोकर राठ. म्हणून घोंगडें अंगाला टोंचतें, पण पावसांत डोक्यावरून घेतलेली त्याची खोळ धनगराला व शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या पुरली. आज ही सांखळी तुटत आली आहे. स्वस्त कारखानी ब्लँकेटांपुढें घोंगड्याला गिऱ्हाईक नाहीं व लोकरीला भाव नाहीं. मेंढी मांसासाठींच पाळावी लागते, आणि कातरलेली लोकर पुष्कळदां रानांतच टाकून दिली जाते.

याचा दोष यंत्राच्या माथीं मारणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. याच जिल्ह्यांत इचलकरंजीस १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग सुरू केला, व तेथील जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनीं या धंद्यास आश्रय दिला. त्या मागांवर हजारों कुटुंबांची चूल पेटली. कायद्यानेंही आपल्याकडून प्रयत्न केला आहे. कांहीं कापडप्रकार हातमागासाठीं राखून ठेवण्याचा कायदा संसदेनें १९८५ सालीं केला, १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला, आणि राखीव प्रकारांत कांबळ्याचाही समावेश झाला. परंतु यंत्रमागाला कांबळें विणूं नको असें सांगणें कायद्याच्या हातीं असलें, तरी तें कोणाच्या घरीं अंथरावयास लावणें त्याच्या हातीं नाहीं. प्रश्न येऊन पोहोंचतो तो आपल्याच दाराशीं.

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका यात्रेंत आम्हीं एक घोंगडें घेतलें. घेतांना "बिचाऱ्याला चार पैसे मिळतील" असें म्हणालों, आणि सांगितलेल्या किंमतींतून जमेल तितकें कमीही करून घेतलें. त्याच आठवड्यांत शहरांतील दुकानांतून छापील किंमत देऊन चादरी निमूटपणें आणल्या. घोंगडें ट्रंकेंत पडलें. दोन वर्षांनीं काढलें तेव्हां त्याला कसर लागली होती. कणव आणि घासाघीस एकाच तोंडांतून कशा निघाल्या, याचा विचार करतां असें दिसलें कीं, दोहोंचें मूळ एकच होतें: विणकर आपल्या बरोबरीचा नाहीं, ही समजूत. दुकानदाराची आम्हीं कींव केली नाहीं, आणि त्याच्याशीं घासाघीसही केली नाहीं.

दयेचा आणखी एक दोष असा कीं, ती पारख करीत नाहीं. वीण घट्ट आहे कीं विरळ, कांठ सरळ आहे कीं नाहीं, हें ती पाहत नाहीं. आणि ज्याच्या कामाचे दोष कोणी पाहत नाहीं, त्याचे गुणही कोणी पाहत नाहीं. अभिमानाचेंही तसेंच. आपल्याला परंपरा मिरवितां यावी म्हणून सणगराच्या मुलानें अर्धपोटीं मागावर बसावें, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तो शिकून दुसऱ्या धंद्यांत गेला, तर आपलीं मुलें आपण त्याच मार्गानें धाडलीं आहेत, हें विसरूं नये.

मग उरतें तें गिऱ्हाइकाचें नातें, आणि तें वाटतें तितकें हलकें नाहीं. ज्याला गरज नाहीं त्यानें घोंगडें घेऊं नये. ज्याला आहे त्यानें वीण पाहावी, दोष दिसला तर सांगावा, मेंढरें राखणारा, सूत कातणारी व विणणारा या तिघांचें पोट भरेल अशी किंमत द्यावी, आणि घरीं नेऊन तें रोज अंथरावें. झिजलें म्हणजे पुन्हां त्याच दारीं जावें. दान देणारा बहुधा एकदांच येतो; गिऱ्हाईक परत येतें, आणि माग चालतो तो त्याच्या परत येण्यावर.