महालक्ष्म्यांना तिनं हात लावावा का?

शंका : दोन महिन्यांपूर्वी, चौथ्या महिन्यात, बायकोचा गर्भ गेला. आई म्हणते, ग्रहणात बाहेर फिरली, घागरी उचलल्या, म्हणून झालं. यंदा महालक्ष्म्यांना हिनं हात लावू नये. बायको रात्री रडते. विषय काढला तर तिला जास्त त्रास होईल म्हणून मी गप्प राहतो. रडू मलाही येतं, पण पुरुषानंच हातपाय गाळले तर घर कसं चालेल?
— एक वाचक, लातूर

समाधान : सण तोंडावर आहे, म्हणून आधी सुतकाचं. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. आपल्याकडं अशौचाचा निर्णय आजही त्यावरून होतो. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर शास्त्र त्याला गर्भस्राव म्हणतं. चौथ्या महिन्यात आईला अशौच चार दिवसांचं, वडिलांची शुद्धी नुसत्या आंघोळीनं. तुमच्या घरी दोन महिने झालेत. महालक्ष्म्यांचं आवाहन, पूजन, पुरणावरणाचा स्वयंपाक, सगळ्याला तिचा हात लागू द्या. शास्त्रानं मोकळं केलेल्या बाईला घरानं अडवून ठेवणं हा अधर्म आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

आता दोषाचं. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ जातो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा कारण गुणसूत्रांतल्या बिघाडाचं असतं. हा बिघाड बहुधा गर्भ राहतानाच झालेला असतो. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही आणि रोजच्या घरकामानं तो होत नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर जणींमध्ये दहा-पंधरा जणींच्या वाट्याला हे येतं; उघड बोलत नाहीत, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपणच एकटी. हे आईंना तुम्ही सांगायचं, बायकोच्या देखत. ‘आई, हिचं काही चुकलं नाही. यापुढं हा विषय या घरात नको.’ आवाज चढवू नका. आईंच्या मनातही नातवंडाचं दुःख आहे, त्याला दोष देण्याची वाट सापडली आहे, इतकंच. पण हे बोलणं बायकोवर सोपवू नका.

आणि तुमचं गप्प राहणं. तिला ते काळजीचं वाटत नाही. तिला वाटतं, ह्यांना काहीच वाटलं नाही. वडिलांना शास्त्रानं एका आंघोळीत मोकळं केलं ते सुतकापुरतं, दुःखातून नाही. तुम्ही तिच्यासमोर रडलात तर ती खचणार नाही. ‘मलाही आपल्या बाळाची आठवण येते,’ एवढं म्हणा आणि मग तिचं ऐका. ‘होईल दुसरं’ हे वाक्य मात्र कुणालाही बोलू देऊ नका. पुढच्या बाळाचा विचार ती म्हणेल तेव्हा, डॉक्टरांकडं दोघांनी जाऊन.

महालक्ष्म्यांपुढं लेकरं मांडतात, तेव्हा तिला भरून येईल. आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती आत जाऊन बसली तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कारण सांगत बसू नका. डोहाळजेवणाच्या आमंत्रणालाही जायचं की नाही, तिनं ठरवावं.

ती नोकरीला असेल तर कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ही रजा घटनेनंतर लगेचची असते. तेव्हा तिनं ती घेतली होती का, हे पाहा. झोप-जेवण तुटलेलंच राहिलं, जगणं नको असं ती बोलू लागली, तर थांबू नका. डॉक्टरांकडं न्या, १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं. तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.