भिंतीला कान, पण कोणाचे?

मंडळी, गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला आपण जमलो की राजकारणाचा विषय चहाच्या आधी निघतो आणि चहा संपला तरी संपत नाही. टॅक्स, इमिग्रेशन, शाळा यांवर प्रत्येकाचं मत ठाम असतं. पण सरकारने लोकांचे फोन ऐकावेत का, ई-मेल वाचावेत का, या प्रश्नावर एक गंमत दिसते. आपलं उत्तर बऱ्याचदा व्हाइट हाऊसमध्ये कोण बसलं आहे यावर ठरतं. हे फक्त आपलंच नाही, राजकीय पक्षांचंही तसंच आहे.

थोडा इतिहास पाहू. डिसेंबर २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बुश सरकारच्या आदेशावरून एनएसए ही गुप्तचर संस्था अमेरिकेतल्या लोकांचे परदेशाशी होणारे फोन आणि ई-मेल कोर्टाच्या वॉरंटशिवाय तपासत होती. यासाठी खास कोर्ट नेमणारा 'फायसा' कायदा १९७८ पासून अस्तित्वात होता, तो बाजूला ठेवून हे चाललं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाने रान उठवलं. बराक ओबामा तेव्हा सिनेटर होते. या कामात सरकारला मदत करणाऱ्या टेलिफोन कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारं विधेयक आलं, तर ते रोखून धरायला पाठिंबा देऊ, असं त्यांच्या प्रचारयंत्रणेने २००७ मध्ये जाहीर केलं होतं. जुलै २००८ मध्ये ते विधेयक आलं आणि ओबामांनी बाजूने मत दिलं. ते ६९ विरुद्ध २८ मतांनी मंजूर झालं.

पुढे जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने कागदपत्रं बाहेर काढली. कोट्यवधी लोकांनी कोणाला, कधी आणि किती वेळ फोन केला, याच्या नोंदी सरकार गोळा करत असल्याचं उघड झालं. आता राष्ट्राध्यक्ष ओबामा होते. त्या वेळच्या प्यू संस्थेच्या पाहणीत ६४ टक्के डेमोक्रॅट मतदारांना हे मान्य होतं. जानेवारी २००६ मध्ये अशाच प्रश्नावर हा आकडा ३७ होता. रिपब्लिकन मतदारांचा आकडा याच काळात ७५ वरून ५२ वर उतरला. दोन्ही वेळी प्रश्नाचे शब्द अगदी एकसारखे नव्हते हे खरं, पण वारं कुठून कुठे फिरलं ते कळायला एवढं पुरे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

रिपब्लिकन पक्षाची गोष्टही वेगळी नाही. या कायद्याच्या ७०२ व्या कलमाची मुदत जानेवारी २०१८ मध्ये वाढवली, तेव्हा सही डोनाल्ड ट्रम्प यांनीच केली. एप्रिल २०२४ मध्ये तोच कायदा मारून टाका, असं आवाहन करणारेही तेच! तेव्हा हाऊसमध्ये एक दुरुस्ती आली होती. या साठ्यात अमेरिकन माणसाची माहिती शोधायची असेल तर आधी वॉरंट घ्या, एवढंच तिचं म्हणणं. २१२ विरुद्ध २१२ अशी बरोबरी होऊन ती पडली. बाजूने मतं देणाऱ्यांत रिपब्लिकन जास्त होते, विरोधात डेमोक्रॅट जास्त.

आता कोणी म्हणेल, मत बदलणं हा काही गुन्हा नाही. बरोबर आहे. सत्तेवर आलेल्या माणसाच्या टेबलावर रोज सकाळी धोक्यांची यादी येते, ती विरोधी बाकावर कधी पोचत नाही. उद्या हल्ला झाला तर जबाब त्यालाच द्यायचा आहे. नव्या माहितीने मत बदलणारा माणूस प्रामाणिकच म्हणायचा. पण माहिती तीच, कायदा तोच, आणि फक्त खुर्चीवरचा माणूस बदलल्यामुळे मत बदललं, तर ते तत्त्व नव्हतंच. ती नुसती माणसावरची भक्ती किंवा माणसावरचा राग.

"कर नाही त्याला डर कशाला?" हा युक्तिवाद आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. मी आयटीतला माणूस, म्हणून माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. कंपनीच्या डेटाबेसचा सगळा ताबा ज्या ॲडमिनच्या हातात असतो, तो सज्जन आहे की नाही यावर आम्ही व्यवस्था उभी करत नाही. त्याने काय उघडून पाहिलं याची नोंद होते का, ती नोंद त्याला स्वतःला पुसता येते का, आणि ती दुसरा कोणी तपासतो का, हे आम्ही विचारतो. यात त्याचा अपमान नसतो. उद्या त्याच्या जागी दुसरा येणार असतो, एवढंच.

सरकारी साठ्याचं नेमकं काय होतं, तेही पाहायला मिळालं. मे २०२३ मध्ये खुल्या झालेल्या कोर्टाच्या कागदपत्रांनुसार एफबीआयने ७०२ च्या साठ्यात २,७८,००० हून अधिक वेळा नियमबाह्य शोध घेतले होते. त्यांत ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर चालून गेल्याचा संशय असलेले लोक होते आणि २०२० च्या पोलीसविरोधी निदर्शनांत पकडलेले लोकही होते. एका काँग्रेस उमेदवाराला देणग्या देणारे १९,००० जण होते ते वेगळेच. म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं एकाच चाळणीतून गेली.

आपल्यासारख्यांना तर हा विषय जास्तच जवळचा. ७०२ व्या कलमाखाली अमेरिकन नागरिकाला, ग्रीनकार्डधारकाला किंवा अमेरिकेच्या भूमीवर असलेल्या कोणालाही थेट लक्ष्य करता येत नाही. परदेशातल्या परक्या माणसाला मात्र स्वतंत्र वॉरंटशिवाय करता येतं. कायद्याच्या भाषेत पुण्या-सांगलीतले आपले आईवडील हे 'परदेशातले परके'! उगाच त्यांचं बोलणं कोणी ऐकत बसत नाही, त्यासाठी परराष्ट्रविषयक गुप्त माहितीशी संबंध असावा लागतो. पण पलीकडचा माणूस लक्ष्य असेल, तर त्याच्याशी बोलणारे आपणही आपसूक त्या साठ्यात जातो.

आणि तिकडे तरी काय वेगळं आहे? १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने लोकांची पत्रं उघडण्याचे व्यापक अधिकार देणारं टपाल विधेयक संसदेत मंजूर करून घेतलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये, दुसऱ्याच पक्षाच्या राज्यात, टपाल अडवून तपासण्याची तरतूद असलेला नवा कायदा संसदेने मंजूर केला. मधल्या काळात, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, हाच काय तो दिलासा.

पक्षांची कोलांटी पाहून सगळेच चोर म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. रस फाइनगोल्ड यांनी २००१ मध्ये सिनेटमध्ये पॅट्रियट ॲक्टच्या विरोधात एकट्याने मत दिलं. रॉन वायडन यांनी स्वतःच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असतानाही टीका थांबवली नाही. रिपब्लिकन रँड पॉल २०१५ मध्ये स्वतःच्या पक्षनेत्यांना न जुमानता दहा तासांहून जास्त वेळ सिनेटमध्ये बोलत उभे राहिले. त्यांची बाकीची मतं पटोत न पटोत, या एका बाबतीत त्यांचं माप दोन्हीकडे सारखं राहिलं.

म्हणून मला वाटतं, कसोटी एकच असावी. सरकारला एखादा अधिकार द्यायचा असेल, तर ज्या नेत्याचं तोंडही पाहावंसं वाटत नाही, तो त्या खुर्चीवर बसला आहे असं समजायचं. तरीही तो अधिकार द्यावासा वाटला, तर खुशाल द्यावा. नाही वाटला, तर आपल्या आवडत्या नेत्यालाही देऊ नये. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. आणि सोकावलेला काळ कुठल्याच पक्षाचा सभासद नसतो.

पुढच्या वेळी मंडळाच्या कार्यक्रमात हा वाद निघाला, तर कोण चूक, कोण बरोबर हे जरा बाजूला ठेवून एकमेकांना एवढंच विचारू या: आज खुर्चीवर दुसरा असता, तर आपण हेच म्हटलं असतं का?