निवृत्ती आणि रिकामी दुपार

तीस-पस्तीस वर्षे ज्याने विश्रांतीची वाट पाहिली, त्या मनुष्यास ती मिळाल्यावर चार-सहा महिन्यांतच नकोशी व्हावी, यात काही तरी विसंगती खासच आहे.

मनूने वानप्रस्थाची वेळ सांगितली ती तारखेने नव्हे. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि मुलाचे मूल दृष्टीस पडले म्हणजे वनाकडे वळावे, असा त्याचा दंडक. पाहावयाचे ते ज्याचे त्याने. आपल्याकडे हे काम सरकार करते. केंद्र सरकारच्या नोकरीत ही मर्यादा १९६२ साली ५५ वरून ५८ आणि १९९८ साली ६० झाली; पण हुकमाने कोणी आतून पिकत नाही. अशी निवृत्ती ही पुष्कळदा केवळ अधिकाराचा वियोग असते, आणि ज्याला आपण कंटाळा म्हणतो तो त्या वियोगाचा शोक होय.

उज्जयिनीत गढकालिकेजवळ भर्तृहरीची गुंफा आहे. राज्य टाकून तो येथे तपाला बसला, अशी लोकांची श्रद्धा. याच नावाच्या एका पंडिताविषयी सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू इत्सिंग लिहितो की, त्याने सात वेळा भिक्षुदीक्षा घेतली आणि सातही वेळा तो संसारात परतला. हे दोघे एकच की काय, याचा वाद विद्वानांनी घालावा. पहिल्याच महिन्यात कचेरीच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या कारकुनाने मात्र स्वतःला हीन लेखण्याचे कारण नाही.

वकिलीच्या धंद्यात या शोकाचे निराळेच रूप दिसते. भावाशी वीतभर जागेवरून भांडणारा वृद्ध पक्षकार तडजोडीचे नाव काढताच अस्वस्थ होतो. तडजोड झाली की तारीख संपली. मग सकाळी कागदांची पिशवी घेऊन जावयाचे कोठे? तेथे निदान त्याच्या नावाचा पुकारा तरी होतो! देवस्थानांच्या समित्यांतही, वाचकांनी रागावू नये, पालखीच्या मानावरून विकोपास जाणारे पुष्कळ वाद धर्माचे नसून रिकाम्या दुपारीचे असतात. यावर नामस्मरण करा, असा उपदेश होतो. नामस्मरणास माझा विरोध नाही. परंतु वेळ घालविण्यासाठी देवाकडे जाणे म्हणजे त्याला कचेरीच्या जागी बसविणे होय.

उज्जयिनी ज्या ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे, त्याचे सरन्यायाधीश चिंतामण विनायक वैद्य यांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. ते पद सुटल्यावर, १९१८ साली, वयाच्या सत्तावन्नाच्या सुमारास त्यांचा ‘महाभारताचा उपसंहार’ निघाला. साठीच्या उंबरठ्यावर, १९२१ ते १९२६ या काळात, मध्ययुगीन हिंदू भारताचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास. पुरावा पारखण्याचे वळण त्यांनी टाकले नाही. पुकारा होण्याची मात्र वाट पाहिली नाही.

प्रत्येकाने ग्रंथ लिहावेत असे नव्हे. पुष्कळांचे काम घरातच पडलेले असते. निवृत्त गृहस्थ दिवसातून चार वेळा चहा मागतो आणि वेळ जात नाही म्हणतो. तो चहा जी करते तिला कोणत्याही सरकारने निवृत्तीचे वय ठरवून दिलेले नाही, आणि तिला कंटाळा येतो की काय, हे आजवर कोणी विचारलेले नाही. तिच्याजवळ बसून भाजी निवडावयास काय हरकत आहे?