सुरी हाती घेण्यापूर्वीचा प्रश्न



असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीशी एक भगिनी मुलाला घेऊन थांबली होती. मुलाच्या हातात टोपली होती आणि टोपलीत पिसे फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून बसलेली एक कोंबडी. "मौलाना, ही काही रात्र काढणार नाही. आत्ताच जबह केली तर हलाल होईल ना?"

उत्तर अवघड नव्हते. मदीनेजवळच्या सलअ डोंगरापाशी हजरत काब बिन मालिक (रजि.) यांच्या बकऱ्या राखणाऱ्या दासीला कळपातील एक बकरी मरणपंथाला लागलेली दिसली. तिने दगड फोडला आणि त्याच्या धारेने ती जबह केली. प्रेषित (स.) यांना विचारल्यावाचून कोणी खाऊ नये, असे हजरत काब यांनी घरच्यांना बजावले, विचारले तेव्हा प्रेषितांनी अनुज्ञा दिली. प्राण शेष असताना अल्लाहचे नाव घेऊन रीतसर जबह झालेले जनावर केवळ आजारी होते म्हणून हराम ठरत नाही. आपोआप मेलेले मात्र हरामच.

एवढे सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण मी विचारले, "आपा, घरी आणखी किती आहेत?"

"अकरा. त्यांतल्या दोघी कालपासून हिरवट, पातळ शीट टाकतात. म्हणून म्हणते, परवाच्या बाजारात बाकीच्या काढून टाकाव्यात."

वाचकहो, टोपलीतल्या कोंबडीविषयी तिने मला विचारले होते. बाजारात जाणाऱ्या कोंबड्यांविषयी विचारण्यासारखे काही आहे, असे तिला वाटलेही नव्हते. दोष तिचा एकटीचा नाही. ताटातल्या घासाविषयी आपण फार दक्ष असतो; तो घास ज्या व्यवहारातून येतो, त्याविषयी तितके नसतो.

धान्याच्या राशीचा प्रसंग आपण ऐकला आहे. प्रेषितांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पाऊस लागला, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे सांगितले. त्या राशीत निदान हात घालून ओल कळत होती. राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, तशीही कळत नाही. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते पंधरा दिवस जातात. त्या दिवसांत कोंबडी तुरा ताठ ठेवून दाणे टिपत असते. घेणाऱ्याने कितीही उलटसुलट करून पाहिली तरी त्याला काही उमगणार नाही. तिच्या खुराड्यातल्या दुसरीचे काय झाले, हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून जबाबदारीही सगळी त्याचीच. आजारी उंटांच्या धन्याने ते निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत, ही शिकवणही हदीसमध्येच आहे.

हे लिहिताना माझी लेखणी अडखळते. मी आठ वर्षांचा असताना आमच्या गल्लीत मर आली. अब्बांनी सात कोंबड्या डालग्यात घालून भल्या पहाटे आठवडे बाजार गाठला. अब्बा पाच वेळचे नमाजी होते आणि त्या पैशांतून माझ्या वह्या आल्या. पुढे कळले की शेजारच्या गावातील एका विधवेने त्यांतल्या तीन घेतल्या आणि पंधरवड्यात तिचे अंगण रिकामे झाले. ती आमच्याहून गरीब होती. गरिबाला नुकसान सोसायला सांगणे क्रूरपणाचे आहे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो खोटा नाही. पण बाजारात आपले नुकसान ज्याच्या गळ्यात पडते, तोही बहुधा गरीबच असतो.

आणखी एक गोष्ट. "आधी काही दिसलेच नाही" असे आपण सहज म्हणतो. पाखरेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे कुरआन सांगते. त्या समुदायात दुबळ्याला टोचे बसतात, म्हणून कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते. पाहणाऱ्याला तो पहाटे खुराडे उघडताना दिसतो: सगळ्या दाण्यांवर तुटून पडतात आणि एक मागे राहते. तुरा फिका किंवा निळसर, पंख लोंबलेले, चोच उघडी, श्वासाला घरघर. शीट हिरवी-पांढरी, पिलांमध्ये कधी रक्ताची. तुऱ्यावर खपल्या असतील तर देवी. मान पिरगळू लागली की फार उशीर झालेला असतो. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली, त्या हदीसमध्ये मारहाणीचा उल्लेख नाही. तिने खायला दिले नाही आणि सोडलेही नाही, एवढेच आहे. डालग्याखालची कोंबडीही पाणी शोधायला जाऊ शकत नाही.

करायचे ते कठीण नाही. आजारी कोंबडी वेगळी, उबेला ठेवावी, तिचे दाणापाणी निरोगी कोंबड्यांनंतर करावे, हात साबणाने धुवावेत आणि पशुवैद्यकाला बोलवावे. त्यांनी औषध दिले तर ते सांगतील तितके दिवस अंडी-मांस वर्ज्य. राणीखेतवर इलाज नाही, लस आहे: पिलू आठवड्याचे होण्याच्या सुमारास लासोटाचा थेंब, दोन महिन्यांच्या सुमारास टोचणी. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. चुना घालून खोल पुरावी. पटापट मर लागली तर मात्र सुरीला हातच लावू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तो आपल्या देशातील पहिला. अशा आजारात कोंबडी कापताना, पिसे उपटताना माणसालाही बाधा होऊ शकते. तेथे मांस हलाल असण्याचा मुद्दा मागे पडतो. जिवाला अपाय करून घेण्याची मोकळीक शरीअत देत नाही.

म्हणून त्या भगिनीला मी म्हणालो, डॉक्टर पाहीपर्यंत हिला जबह करू नका आणि बाकीच्या बाजारात नेऊ नका. ती म्हणाली, "मग मुलाची फी?" याचे उत्तर किताबात शोधायचे नव्हते. मगरिबनंतर मी चार नमाजींना थांबवून घेतले. विक्री थांबवायला आपण सांगतो आहोत, तर तोट्यातला वाटाही आपण उचलायला हवा, इतकेच बोललो. फी भरली गेली.

कोंबडी त्या रात्रीच मेली. सकाळी डॉक्टरांनी राणीखेत असल्याचे सांगितले. अकरांपैकी चार उरल्या. परवा तो मुलगा पायरीवर भेटला. खुराडे चुन्याने पोतारले आहे म्हणाला, आणि लसीचा दिवस ठरल्याशिवाय नवी पिले आणायची नाहीत, असे त्याने आईकडून कबूल करून घेतले आहे.