ठेवीतली नावं

वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते गेले त्या वर्षी त्यांची ट्रंक उघडली, तर तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडी वही निघाली. दुकानदार उधारी मांडतात तसली. आत उधारी नव्हती, पत्ते होते. आधी हिवरखेड, अडगाव, दानापूर, बेलखेड ही तेल्हाऱ्याच्या आसपासची गावं, मग लेकी दिल्या ती गावं, मग नोकरीपायी नागपूर-भुसावळला गेलेल्यांचे पत्ते. भाऊ गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटी वाजवत आणि सप्ताह ठरला की रात्री कंदिलापाशी बसून १५ पैशांची पोस्टकार्डं लिहीत. वहीतल्या काही नावांच्या अलीकडे बारीक अक्षरात ‘वै.’ आहे. माणूस गेला म्हणून भाऊ नाव खोडत नसत. वैकुंठवासी झाला एवढीच नोंद करत, आणि पुढचं कार्ड त्याच पत्त्यावर त्याच्या मुलाच्या नावानं जाई.

गेल्या दोन वर्षांत मी ही वही पुन्हा पुन्हा उघडली. निमित्त अगदी आजकालचं. वऱ्हाडातल्या संतांवर मी दर गुरुवारी एक पत्र लिहिते आणि ते ईमेलनं पाठवते. त्यासाठी कोणती सेवा घ्यावी, एवढंच मला ठरवायचं होतं. वाटलं होतं, दर बघावेत, सोय बघावी, संध्याकाळपर्यंत काम उरकेल. पण तो प्रश्न धर्माचा निघाला. जो माझं ऐकतो तो कोणाचा? आणि त्याच्याबद्दल मला काय काय जाणून घ्यायचा अधिकार आहे?

पत्राच्या आधी मी तीन वर्षं मोबाइलवर बोलत असे. एका मोठ्या कंपनीच्या जागेवर चार हजारांवर ऐकणारे जमले होते. एका सकाळी खातं बंद झालेलं दिसलं. कारण कळवलं नव्हतं. तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा यंत्राचं एकच ठरावीक उत्तर आलं. बोललेलं गेलं त्याचं फार वाटलं नाही, वह्यांत टिपणं होती. पण त्या चार हजारांतल्या एकाचंही नाव माझ्यापाशी नव्हतं. दर गुरुवारी ज्यांच्याशी बोलले त्यांना, मी आहे, पुन्हा सुरू करते, एवढं सांगायलाही वाट उरली नव्हती. त्या रात्री भाऊंची वही समोर घेऊन मी रडले. पोस्टकार्डांच्या काळात माझ्या वडलांपाशी जे होतं ते माझ्यापाशी नव्हतं.

आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. आपल्याच वऱ्हाडात रिद्धपूर आहे. तिथं तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन, विचारून, पारखून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढं मूळ पोथी धामधुमीत हरवली. ग्रंथ तरला तो ज्यांनी ऐकला होता त्यांच्यामुळं. त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा राहिला, म्हणून तर आज त्याचे निरनिराळे पाठ मिळतात. त्यानंतरची गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. महानुभावांनी पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. पोथ्या जपल्या गेल्या खऱ्या, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला त्या कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी लिपी उलगडली तेव्हा आपल्याच भाषेचं आद्य गद्य आपल्याला भेटलं. पोथी हरवली तरी ऐकणारे असले म्हणजे शब्द वाचतो, आणि कुलूप फार घट्ट झालं तर जपलेला शब्दही घरच्यांना परका होतो, असं मी यातून समजले.

म्हणून मी पहिली कसोटी लावली ती हीच. उद्या हे दुकान बंद पडलं किंवा मला बाहेर काढलं, तर माझी यादी उचलून मला निघता येईल का? या धंद्यात घरं पडायला वेळ लागत नाही. ट्विटरनं २०२१ मध्ये रेव्ह्यू ही ईमेल-पत्रांची सेवा विकत घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद करून टाकली. मेलचिंप कंपनीकडे असलेली तशीच टायनीलेटर ही सेवा २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद झाली. पण दोन्हीकडच्या लेखकांना पत्त्यांची फाइल उतरवून घेता आली, म्हणून त्यांची पत्रं दुसरीकडून चालू राहिली. सबस्टॅकही वर्गणीदारांचे पत्ते देतं. तिथं नुसते मागे लागलेले ‘फॉलोअर’ मात्र बरोबर नेता येत नाहीत. हा फरक लिहिणाऱ्यानं पहिल्याच दिवशी समजून घ्यावा, कारण आकडा दोघांचाही सारखाच सुखावतो.

पैशाचा प्रश्न माझ्यापुरता लवकर सुटला. सबस्टॅक वर्गणीतले १० टक्के घेतं. बीहाइव वाटा घेत नाही, महिन्याचं भाडं घेतं. जिथं कीर्तन करावं तिथलं अन्नही घेऊ नये, हा तुकोबांचा दंडक आमच्या घरात पाळला गेला. भाऊ पेटी वाजवून चहासुद्धा स्वतःच्या घरी येऊन पीत. मी पगारदार शिक्षिका आहे, मला हे परवडतं. ज्याचं पोट लिहिण्यावर आहे त्यानं वर्गणी घ्यावी, त्यात काही उणं नाही. मी वाचणाऱ्याकडून घेत नाही, तेव्हा सेवेचं भाडं मीच भरणार, हेही ओघानंच आलं. फुकट मिळतं तिथं किंमत दुसरंच कोणी चुकवत असतं. पण आधी भाचा म्हणाला, “मावशी, फुकटात भेटते तर घे नं, काऊन एवढा इचार करून राह्यली?” मी त्याचं ऐकलं आणि सुरुवातीचे चार महिने एका फुकट सेवेवर काढले.

खरी गोष्ट तिथं घडली.

त्या सेवेत प्रत्येक पत्राखाली एक तक्ता येई. कोणी उघडलं, किती वेळा, किती वाजता, कोणत्या दुव्यावर बोट ठेवलं. मला ते आधी आवडलं, खोटं कशाला बोलू? आपलं लिहिलेलं कोणी वाचलं हे कळणं गोड असतं. त्या महिन्यात मी मरणावर लिहिलं होतं. गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० ला देह ठेवला, त्यानंतर शेगावच्या वाटेवरच्या माणसांनी ते कसं सोसलं असेल, अशा विचाराचं ते पत्र. तक्त्यात एका नावापुढं ११ चा आकडा होता. त्यावर बोट ठेवलं तर वेळा उलगडल्या. रात्री २ वाजून ४० मिनिटं. २ वाजून ५२. ३ वाजून १०. ती बाई माझ्या ओळखीची. तिचा मुलगा आदल्या पावसाळ्यात गेला होता. भेटली की हसून बोलायची, त्या विषयाचा शब्द काढायची नाही.

मी मोबाइल पालथा ठेवला. कोणाच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तसं झालं. तिनं मला हे सांगितलं नव्हतं. तिला ठाऊकही नव्हतं की मला दिसतं. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर ती भेटली तेव्हा “झोप नाही लागत का?” हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. आणि तोंडून निघालं असतं तर तिनं विचारलं असतं, तुले कसं समजलं?

हे समजतं कसं, ते मी नंतर भाच्याकडून नीट समजून घेतलं. पत्रात डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र घातलेलं असतं. पत्र उघडलं की ते चित्र कंपनीच्या यंत्रावरून मागवलं जातं, आणि ते मागवणं हीच चहाडी. भाच्यानं आणखी एक सांगितलं त्यानं मी अधिकच खजील झाले. ॲपलनं २०२१ पासून अशी सोय केली आहे की वाचणाऱ्यानं पत्र उघडलं नाही तरी ती चित्रं आधीच मागवली जातात. जीमेलही चित्रं आपल्या मध्यस्थ यंत्रातून आणतं. म्हणजे तो ११ चा आकडा त्या माउलीचाच होता की कुठल्या यंत्राचा, हेही सांगता येत नाही. धूर पाहून अग्नी ओळखावा हे आपल्याकडे अनुमानाचं नेहमीचं उदाहरण. पण धुक्यालाच धूर समजलं तर? न्यायशास्त्रानं ती चूकही नोंदवून ठेवली आहे. तक्त्यातला आकडा हे अनुमान, पण आपल्यापुढं येताना तो प्रत्यक्षाचा वेष घेऊन येतो. त्या आकड्यावरून मी एका आईच्या रात्री मनानं रचल्या होत्या.

तरी आकडा खरा असता तर प्रश्न मिटला असता का? मला वाटतं, नाही. कीर्तनकाराला समोरचे चेहरे दिसतात, कोणाचे डोळे भरले, कोण पेंगतं, हे कळतं. पण ज्याचे डोळे भरतात त्यालाही कीर्तनकार दिसत असतो. दोघं एकाच मांडवाखाली असतात, आणि ज्याला रडताना कोणी पाहू नये वाटतं तो खांबाआड बसतो. पत्र वाचणाऱ्याला तो खांब आपण काढून घेतो, आणि काढला हे सांगतही नाही. न सांगता मनातलं जाणणाऱ्याला आपण अंतर्यामी म्हणतो. ते एकाचंच नाव आहे, कारण तो जाणतो आणि त्याचा काही फायदा करून घेत नाही. माणसानं ते पद घेतलं की त्याची पाळत होते. हेतू चांगला असला तरी होते.

आईला मी हे सगळं सांगितलं. तिला ईमेल कळत नाही, पण वहीचं नाव काढताच ती म्हणाली, “तुह्या बापाकडं त्या वहीसाठी इलेक्शनच्या टायमाले दोघंजण आले होते. तुहा बाप म्हणे, लोकायनं पत्ता भजनासाठी देल्ला, मतासाठी नाई.” मला हे ठाऊक नव्हतं. २०२३ चा आपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नेमकं हेच सांगतो की ज्या कारणासाठी संमती घेतली त्याच कारणासाठी माहिती वापरावी. आणि माहिती बाळगणाऱ्याला तो मालक म्हणत नाही, ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हणतो. म्हणजे विश्वस्त. कायदा माझ्यासारखीला कितपत लागतो हे वकील सांगतील, शब्द मला पटला. यादी माझी नाही. ती माझ्यापाशी ठेव आहे.

विश्वस्त हा शब्द आमच्या भागात गाडगेबाबांनी जगून दाखवला. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, मोठा व्यवहार हातून गेला, पण मालकी ट्रस्टांची केली आणि स्वतः झोपडीत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. सेवा निवडताना मला बाबांचीच आठवण होती. शेवटी मी घोस्ट घेतलं. २०१३ पासून ते एका ना-नफा प्रतिष्ठानाचं आहे, त्याला मालक नाही, भांडवलदार नाही, म्हणून कोणी विकत घेऊन बंद करण्याची भीती नाही. त्याचा कोड खुला आहे, वर्गणीत ते वाटा घेत नाही, यादी केव्हाही उतरवता येते. आणि सेटिंगमध्ये दोन बटणं आहेत, पत्र उघडल्याची नोंद आणि दुव्यांवरच्या बोटांची नोंद. पहिल्याच दिवशी दोन्ही बंद केली. जुन्या सेवेवरची सगळी नोंद पुसून खातं मिटवलं.

यात तोटा आहे. कोणाचा पत्ता मेलेला, कोण कंटाळलं, मला कळत नाही. न उघडणाऱ्यांना पत्रं जात राहिली तर मोठ्या मेल कंपन्या पाठवणाऱ्याकडे संशयानं बघतात, हेही खरं. म्हणून गुरुपौर्णिमेला मी सगळ्यांना एक ओळ लिहिते, पत्र अजून हवं का? जे नको म्हणतात त्यांना त्याच दिवशी मोकळं करते. काही जण उत्तरात चार ओळी लिहितात. त्या चार ओळींत जे कळतं ते त्यांनी दिलेलं असतं.

आज यादीत ६१२ नावं आहेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी फाइल उतरवून कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये घेते आणि तो भाऊंच्या ट्रंकेत, वहीशेजारी ठेवते. संगणकाच्या यादीत ‘सोडून गेला’ आहे, ‘पत्र परत आलं’ आहे. ‘वै.’ साठी रकाना नाही. तो मी स्वतः जोडून घेतला. आतापर्यंत सात नावांपुढे तो भरला आहे.

त्या बाईला अजून दर गुरुवारी पत्र जातं. ती वाचते का, मला माहीत नाही. तुम्ही कीर्तन सांगत असाल, कविता पाठवत असाल, शेतीची माहिती देत असाल, आणि माणसांची अशी यादी तुमच्याकडे असेल, तर आज रात्री दोन कामं करा. यादी आपल्या घरात उतरवून घ्या, आणि ती मोजणी बंद करा.